बिल्डिंगभरच्या किल्ल्या

तिला सगळे टाचणी म्हणत. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय होती म्हणून, आणि बोलणंही तसंच होतं म्हणून. नाव नवऱ्याने गमतीत ठेवलं, बिल्डिंगने ते उचललं आणि ते इतकं पक्कं बसलं की कुरिअरवालाही खालून "टाचणी टेलर आहेत का?" असंच विचारायचा.

पहिल्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. पुढची खोली म्हणजे दुकान. खिडकीशी मशीन, शेजारी कापायचं टेबल, भिंतीवर शिवून झालेले कपडे. मागच्या खोलीच्या दाराआड एक लांब लाकडी पट्टी होती आणि तिच्यावर ओळीने हुक ठोकलेले. त्या हुकांवर बिल्डिंगभरच्या किल्ल्या.

हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं. फार वर्षांपूर्वी चौथ्या मजल्यावरच्या एका बाईची किल्ली आत राहिली आणि दार मागून ओढलं गेलं. दुसऱ्याच दिवशी तिने जादा किल्ली आणून टाचणीच्या टेबलावर ठेवली. टाचणी दिवसभर घरात असायची, आणि मशीनचा आवाज येतोय म्हणजे ती आहे हे जिन्यातूनच कळायचं. मग दुसरी किल्ली आली, तिसरी आली. बिल्डरने सगळ्या दारांना एकाच बनावटीची कुलपं बसवली होती, त्यामुळे किल्ल्या दिसायला जुळ्या बहिणींसारख्या. टाचणीने त्यावर आपला उपाय काढला. ज्या घराची किल्ली, त्या घराच्या शिवणातून उरलेली चिंधी किल्लीच्या भोकात ओवून शिवून टाकायची. बँकवाल्याची निळ्या रेघांची, सेक्रेटरींची राखाडी सुटाची, दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची हिरव्या चौकडीच्या लुंगीची. फ्लॅटचा नंबर लिहायचा नाही. उद्या एखादी किल्ली कुठे पडली तर चोराला पत्ता आपणच कशाला द्या?

आणि किल्ली ज्याची त्याच्याच हातात द्यायची. या बाबतीत ती कोणाच्या बापाचं ऐकत नसे. एकदा बँकवाला ऑफिसातून लवकर आला आणि बायकोने ठेवलेली किल्ली मागू लागला, तर टाचणीने त्याला जिन्यात उभं करून आधी बायकोला फोन लावला. बँकवाला आठवडाभर तोंड फुगवून होता. बायको मात्र जाता-येता हसायची.

फक्त एका घराची किल्ली त्या पट्टीवर नव्हती, आणि ते घर अगदी समोरचं. समोरचीने तिच्याकडून पडदे शिवून घेतले होते. पहिल्याच धुण्यात ते दोन बोटं आखूड झाले. टाचणी म्हणाली कापड आटलं, समोरची म्हणाली नियत आटली. त्याच दिवशी तिने आपली किल्ली परत नेली. तेव्हापासून समोरासमोरच्या दारांत राहून दोघींचं बोलणं बंद. एकीने कचऱ्याची बादली ठेवायला दार उघडलं की दुसरी आपलं दार लोटायची, आणि हे इतक्या नेमाने चालायचं की जिन्यातून जाणाऱ्याला वाटावं, दोन्ही दारं एकाच दोरीला बांधलीत.

मग साथ आली. सगळं बंद झालं तरी टाचणीचा नवरा बंद झाला नाही, कारण तो मालाचा टेम्पो चालवायचा आणि माल तर पोचवावाच लागत होता. एक दिवस तो अंगात ताप घेऊन घरी आला. पांढऱ्या पोशाखातली माणसं त्याला घेऊन गेली तेव्हा बिल्डिंगमधली प्रत्येक खिडकी किलकिली झाली होती, पण एकही पूर्ण उघडली नाही. टाचणीचीही तपासणी झाली. तिलाही लागण निघाली, मात्र ताप किरकोळ, म्हणून घरीच राहा म्हणाले.

त्याच संध्याकाळी सेक्रेटरी आले. जाळीच्या दारापासून चार हात लांब, जिन्याच्या पायरीवरच थांबले. हातात साखळी आणि मोठं कुलूप.

कोपऱ्यावरच्या इमारतीतला एक आजारी माणूस दूध आणायला म्हणून गुपचूप बाहेर पडला, असं त्यांनी सांगितलं. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही वहिनी, पण लोक ऐकत नाहीत. घरात सून गरोदर आहे, मलाही भीती वाटते. एवढं बोलून ते थांबले, जणू तिनेच पुढचं वाक्य म्हणावं.

"लावा," टाचणी म्हणाली.

जाळीच्या दाराला बाहेरून साखळी पडली. कुलपाचा खटका ऐकला आणि आजवर कोणाकोणाची दारं आपण उघडून दिली ते सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. सेक्रेटरी वाईट माणूस नव्हता, आणि तोच तर त्रास होता. वाईट असता तर दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती.

आतल्या लाकडी दाराला तिने कडी घातली नाही. ते उघडं ठेवलं की निदान जाळीतून जिना दिसायचा. जिन्यात काही घडत नव्हतं. दुधाच्या पिशव्या दोरीने वर जायच्या, भाजीच्या टोपल्या वर जायच्या, माणसं मात्र एका जागी. तिच्यासाठी कोणीतरी जेवणाचा डबा साखळीने राहिलेल्या फटीतून आत ठेवून बेल दाबायचं आणि ती उठेपर्यंत निघून जायचं. कोण ठेवतं ते तिला कळलं नाही. विचारायला बिल्डिंगच्या फोनवरच्या ग्रुपवर लिहावं, तर तिथे ती आजारी पडल्यापासून तिच्या नावाने कोणी काही लिहीत नव्हतं. भिंतीवर बँकवाल्याचे दोन शर्ट टांगलेले होते. शिवून, इस्त्री करून तयार. ते कोणी मागितले नाहीत आणि आता कोणी मागणारही नव्हतं. कापडावर हात फिरवला तरी आपण काहीतरी सांडतोय असं तिला वाटायचं, म्हणून तिने मशीनवर चादर टाकली. दोन खोल्या एवढ्या लहान आहेत हे तिला आजवर जाणवलं नव्हतं. मशीनच्या आवाजाने त्या मोठ्या वाटत असाव्यात.

राहिलं छत. वर आजोबा राहायचे, एकटेच. जन्मभर सिनेमा थिएटरात फिल्म चालवायचं काम केलेले, त्या मशीनच्या खडखडाटाने कान गेलेले. मुलगी दुसऱ्या शहरात. कमी ऐकू येणारा माणूस किती आवाज करतो हे टाचणीला आता कळलं. सकाळी खाट करकरायची, सपाता फरफटत बाथरूमपर्यंत जायच्या, बादलीत पाणी पडायचं, मग रेडिओ इतक्या जोरात की बातम्या तिने खालीच ऐकाव्यात. पूर्वी ती कुरकुर करायची. आता छताखाली खुर्ची ओढून बसायची आणि वर खाट वाजली की आपलीही सकाळ झाली असं धरायची.

किल्ल्यांचा विषय ग्रुपवर निघाला तो बँकवाल्यामुळे. त्याने अगदी सभ्य भाषेत लिहिलं की आपल्या सर्वांच्या किल्ल्या एका बाधित घरात आहेत, तर त्यांचं पुढे काय करावं. खाली कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं, कोणीतरी योग्य मुद्दा म्हणालं. टाचणीने ते तीनदा वाचलं. मग उठली, सगळ्या किल्ल्या हुकांवरून काढल्या आणि बादलीत गरम पाणी, साबण आणि ब्लीचिंग पावडर घालून बुडवल्या. पावडर किती घालायची याचा अंदाज रागाने घेतला. ग्रुपवर लिहिलं, "किल्ल्या औषधात टाकल्या आहेत. आता त्या तुमच्या देवघरात ठेवल्या तरी चालतील."

सकाळी बादलीत हात घातला आणि हात तसाच राहिला. सगळ्या चिंध्या पांढऱ्या. निळी रेघ गेली, राखाडी गेलं, हिरवी चौकडी गेली. काही तर हाताला लागताच विरल्या. टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिने किल्ल्या मांडल्या. एकसारख्या, एका वजनाच्या. तिने डोळे मिटून एकेक हातात घेऊन पाहिली, मग उजेडात धरून पाहिली. इतकी वर्षं आपण किल्ल्या ओळखत होतो असं तिला वाटायचं. ओळखत होती ते कापड.

हे तिने फक्त नवऱ्याला सांगितलं, फोनवर. तो आधी हसला, मग हसता हसता खोकला, आणि खोकला बराच वेळ थांबेना. शेवटी दम खात म्हणाला, "अगं, लोकांचे कपडे खराब केलेस तेव्हा कापडावर ढकललंस. आता काय साबणावर ढकलणार?"

"कोणाला सांगायचं नाही," ती म्हणाली.

"मी कोणाला सांगणार? इथे सगळे झोपलेत किंवा खोकतायत."

तिने ठरवलं, बरी झाल्यावर एकेका घराच्या दाराशी जाऊन गुपचूप जुळवून घेऊ. तोवर कोणी किल्ली मागायचं कारण नव्हतं. घरं सोडून कोणी बाहेरच जात नव्हतं.

आणि मग एक सकाळ अशी आली की वर खाट वाजली नाही.

ती खुर्चीत बसून राहिली. म्हातारा माणूस, उशिरा उठला असेल. पण बादलीचा आवाज आला नाही, रेडिओ आला नाही. तिने फोन लावला. छतातून घंटी ऐकू आली, वाजत राहिली आणि थांबली. पुन्हा लावला. मग सेक्रेटरींना लावला. त्यांना वाटलं तिला ताप चढलाय. वहिनी, तुम्ही विश्रांती घ्या, ते झोपले असतील. टाचणीने त्यांना शांतपणे सांगितलं की तुम्ही वर जाणार नसाल तर मी या जाळीवर लाटणं आपटायला घेते आणि थांबणार नाही.

सेक्रेटरी गेले. बेल वाजली, दार ठोठावलं गेलं, दोनदा खांद्याचा धक्काही बसला. जुन्या काळचं जाड दार, ते हललं नाही, सेक्रेटरींचा खांदा मात्र दुखावला. अग्निशमनवाल्यांना फोन केला तर येतो म्हणाले, पण आधी कुठेकुठे जायचंय ते ऐकून सेक्रेटरींनीच फोन ठेवला. आजोबांच्या मुलीला लावला. ती रडायलाच लागली. बाबा आतून कडी घालत नाहीत, मीच घालू देत नाही, नुसतं लॅच असतं, किल्ली टाचणीमावशींकडे आहे, तेवढी घ्या.

सेक्रेटरी खाली आले. या वेळी पायरीवर थांबले नाहीत, जाळीपाशी आले. "किल्ली द्या, वहिनी."

टाचणीने टेबलाकडे पाहिलं. आता अंदाजाने एखादी किल्ली उचलून द्यावी, असं एक क्षण तिला वाटून गेलं. पण ही कुलपं जुनी झाली होती. चुकीची किल्ली घालून जोर लावला की आतच अडकायची. मागे बँकवाल्याच्या दाराला तसंच झालं होतं, आणि कुलूपवाल्याने ती बाहेर काढेपर्यंत दुपार झाली होती. आज कुलूपवाला कुठून आणणार? तिने वर्तमानपत्रासकट सगळ्या किल्ल्या उचलल्या आणि जाळीशी आली.

"यातली एक आहे," ती म्हणाली. "कुठली ते मला माहीत नाही. पावडरीने रंग गेले सगळे. माझी चूक आहे."

सेक्रेटरी किल्ल्यांकडे बघत राहिले. हात पुढे आला, अर्ध्यावर थांबला आणि पँटच्या खिशात गेला. तो सुनेसाठी थांबला हे टाचणीला कळत होतं. कळूनही तिला त्या हाताचा राग आला.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. समोरची दोन्ही हातांत भाजीच्या प्लास्टिकच्या पिशव्या मनगटापर्यंत चढवून उभी होती. दाराआडून सगळं ऐकलेलं होतं, लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"दे इकडे," ती म्हणाली.

इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून आलेला पहिला शब्द. टाचणी जाळीला धरून उभी राहिली. "लोकांच्या किल्ल्या आहेत. ज्याच्या त्याला विचारल्याशिवाय मी..."

"विचार की. आजोबा तोवर थांबतात."

टाचणीने वर्तमानपत्राची सुरळी केली आणि जाळीतून एकेक किल्ली सोडली. समोरचीने पदरात पेरू घ्यावेत तशा ओंजळीत घेतल्या, आणि जिन्याच्या मधल्या चौकात जुन्या चादरीवर पसरल्या. मग मान वर करून जिन्याच्या पोकळीत अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं सांगितलं की आजोबा आत पडलेत, किल्ल्या मिसळल्यात, ज्याने त्याने आपल्या घरची किल्ली घेऊन खाली यावं आणि आपली जोडीदार काढून न्यावी. उरेल ती आजोबांची.

जिना गप्प होता. टाचणी जाळीला कपाळ लावून उभी होती. तिला चौकाचा एक कोपरा दिसत होता, चादरीचं एक टोक, समोरचीची पाठ. ती ओरडून सांगू शकत होती, रडू शकत होती, साखळी हलवू शकत होती. याहून जास्त काही नाही. वर आजोबा कुठे असतील, खाटेवर, जमिनीवर, श्वास चालू असेल का, हे तिच्या डोक्यात गोल गोल फिरत होतं. ही किल्ल्यांची शिकवण तिनेच लोकांना दिली होती की आपली किल्ली जपा. आता लोक ती जपत घरात बसले तर दोष कोणाचा?

एक दार उघडलं. चौथ्या मजल्यावरून कोणीतरी खाली येत होतं, हळूहळू, भिंतीला अंग न लावता. मग दुसरं दार. पावलं वाढली. कोणी तोंडाला ओढणी बांधलेली, कोणी रुमाल, कोणी चक्क उशीचा अभ्रा. एकेक जण चादरीशी वाकायचा, आपली किल्ली दुसऱ्या किल्लीवर ठेवून दात जुळवून बघायचा, जुळली की दोन बोटांत धरून बाजूला व्हायचा. सुरुवातीला सगळे एकमेकांपासून लांब होते. पण दोन बायकांच्या किल्ल्या जवळपास सारख्या निघाल्या, त्यांची डोकी एकत्र आली, आणि मग कोणी लांब-जवळ मोजत बसलं नाही.

बँकवाला आला तेव्हा त्याने जाळीकडे पाहिलं नाही. आपली किल्ली शोधली, खिशात घातली आणि वर गेला. सेक्रेटरी अजून खांदा चोळत उभे होते. वरून त्यांच्या सुनेचा आवाज आला, बाबा, आपली घेतलीत का? मग त्यांनी खिशातून हात काढला, वाकले आणि आपली किल्ली उचलली.

शेवटी चादरीवर दोन उरल्या. एक आजोबांची. दुसरी तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाची, जे साथ सुरू होताच नातेवाइकांकडे निघून गेलं होतं. त्यांना फोन केला, तो बंद लागला.

समोरची दोन्ही किल्ल्या घेऊन वर गेली. मागून सेक्रेटरी. टाचणीला आता काहीच दिसत नव्हतं. पहिली किल्ली कुलपात गेल्याचा बारीक आवाज आला.

"फिरत नाहीये," समोरचीचा आवाज.

"जोर नको लावूस," टाचणी ओरडली. "हलकी बाहेर काढ."

"मला शिकवू नकोस. पडदे शिवताना तुला कोण शिकवत होतं?"

किल्ली बाहेर आली. दुसरी आत गेली. खटका वाजला, दार उघडलं आणि तिच्या डोक्यावरच्या छतावर पावलं धावली. सपाता नव्हेत, माणसांची पावलं. बाथरूमच्या दिशेने.

मग काही वेळ कोणी काही बोललं नाही. तेवढा वेळ तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिला. जाळीचे गज तिने इतके घट्ट धरले होते की बोटांवर वळ उठले.

"आहेत," वरून समोरची म्हणाली. "पडलेत, पण आहेत. मला शिव्या देतायत."

रात्री सगळे झोपेत असताना घसरून पडले होते, लुंगी सुटली होती. पायाचं काहीतरी मोडलं होतं, उठता येत नव्हतं, आणि ओरडून ओरडून घसा बसला होता. त्यांना उचलायला दोघं लागणार होती. सेक्रेटरी बाथरूमच्या दारात घुटमळले असं समोरचीने नंतर सांगितलं. मग बाह्या सरसावून आत गेले. पुढची सगळी धावपळ टाचणीने छतातून ऐकली. खाट ओढली गेली, पाण्याचा पेला पडला, फोन झाले. बऱ्याच वेळाने गाडी आली आणि स्ट्रेचर तिच्या जाळीसमोरून खाली गेलं. आजोबांचे डोळे मिटलेले होते. तिने हाक मारली नाही. मारली असती तरी त्यांना ऐकू आली नसती.

जिना पुन्हा रिकामा झाला. जो तो आपापल्या किल्लीसकट आपल्या घरात. मागच्या खोलीतली पट्टी पहिल्यांदाच पूर्ण मोकळी होती. परत ठेवायला कोणी आलं नाही, आणि येईल असंही तिला वाटत नव्हतं. सेक्रेटरी अंघोळ करून आले, जाळीसमोर उभे राहिले, कुलपाकडे पाहिलं. काढू का, असं त्यांनी विचारलं. टाचणीने त्यांना विचारलं की ग्रुपवर बाकीच्यांना विचारलंत का. नाही, ते म्हणाले. मग आधी विचारा, ती म्हणाली. आज आपण सुनेपासून लांब, वेगळ्या खोलीत राहणार एवढं सांगून ते गेले, आणि पाठमोरे जाताना पहिल्यांदाच तिला ते म्हातारे दिसले.

समोरचीने मात्र आपलं दार लावलं नाही. पिशव्या कचऱ्यात टाकल्या, कोपरापर्यंत हात घासले आणि एक लाकडी खुर्ची ओढून दारातच बसली. टाचणीनेही आपली खुर्ची जाळीपाशी आणली. मध्ये साखळी, कुलूप आणि जिन्याचा चौक. पडद्यांचा विषय कोणी काढला नाही. डबा तूच ठेवत होतीस का, हे टाचणीला विचारायचं होतं, पण हो म्हणाली तर पुढे काय बोलायचं ते न सुचल्याने तिने विचारलं नाही.

उन्हं उतरायला लागली तेव्हा आजोबांच्या मुलीचा फोन आला. टाचणीने तो मोठ्या आवाजावर टाकून जाळीशी धरला. खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करावं लागेल, पण धोका टळला, डॉक्टर म्हणाले अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. मुलगी पुन्हा रडली. मग थोडी चाचरली.

"मावशी, बाबा सारखं एकच विचारतायत. बाथरूममध्ये आधी कोण आलं होतं?"

टाचणीने समोर पाहिलं. समोरचीने जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"सेक्रेटरी," टाचणी म्हणाली.

"नक्की ना? त्यांना फार लाज वाटतेय. एक बाई दिसल्यासारखी वाटली म्हणतात."

"चष्मा होता का डोळ्यावर?"

"नव्हता."

"मग सेक्रेटरीच," टाचणी म्हणाली आणि फोन बंद केला.

समोरची तोंडावर पदर धरून हसत होती. टाचणीलाही हसू आलं, आणि हसता हसता खोकला आला, म्हणून ती उठून जाळीपासून लांब गेली. खोकला थांबेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. परत वळून पाहिलं तर समोरची खुर्चीतच होती. मागे सरकली नव्हती.